समाप्तनंतरची अकरा मिनिटं

९ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. परवा फोनवर मी सांगितलं की माझी दाढ काढली, तर तू म्हणालास, "वा, छान झालं." तेव्हाच ठरवलं, आता तुझ्याशी बोलायचं ते कागदावर. तुझे कान रुसले असले तरी डोळे शाबूत आहेत, आणि चष्मा तर आमच्या यांच्या दुकानातलाच आहे.

तर आधी बसून घे आणि सोबतचं कात्रण वाच. वाचलंस? 'धक्का नंबर सात'ची मालिका होतेय. नवे नट घेऊन नव्हे, तोच आपला सिनेमा. दिग्दर्शकांनी एकतीस वर्षांपूर्वीची सगळी फिल्म गोदामातून बाहेर काढलीय, सिनेमात न घेतलेलीसुद्धा, आणि या वयात स्वतः बसून पुन्हा संकलन करतायत. पन्नास-पन्नास मिनिटांचे सहा भाग, एप्रिलमध्ये टीव्हीवर. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा, मालिका पाच तासांची. म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं आपण जन्मात न पाहिलेली. मला तर जेवण सुचत नाहीये.

आपल्या गावातल्या चाहत्यांच्या 'समाप्तनंतर मंडळा'ची तातडीची बैठक माझ्या टायपिंग क्लासात झाली. एक्केचाळीसपैकी अडतीस जण हजर. दोघं आजारी, एक रुसलेला. दातांचे डॉक्टर अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहिले ते पाऊण तास बसलेच नाहीत. त्यांचं म्हणणं, नायिकेची बहीण सिनेमात सूटकेस घेऊन दोन सेकंद दिसते, तिला आता एक अख्खा भाग मिळणार. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, बहिणीचं काही नाही, मधल्या काळातलं लग्न दाखवतील. पण सगळ्यांवर कडी केली ती बस आगारातल्या टाइमकीपरनं. तो म्हणाला, सिनेमा सोमवारी सुरू होतो आणि शनिवारी बोट सुटते. सहा वार, सहा भाग. मग समाप्तनंतरचं कुठं गेलं? ते रविवारी घडतं. म्हणजे एक सातवा भाग आहे, तो त्यांनी कुणालाही न सांगता लपवून ठेवलाय, आणि सहावा संपून समाप्त आलं की अचानक लावणार. दादा, मग जो कल्लोळ झाला तो खालच्या दुकानदारानं वर येऊन थांबवला.

तू पंचवीस आठवडे, दिवसाला तीन खेळ, स्वतःच्या हातानं हा सिनेमा दाखवलास आणि तुला त्यातलं ओ की ठो आठवत नाही असं दरवेळी म्हणतोस, म्हणून आठवण करून देते. धक्क्यावर तिकिटं देणारी ती आणि रोज बोटीनं येणारा तो. भांडण होतं, शनिवारी तो कायमचा निघून जातो, ती तिकिटाची खिडकी बंद करते. समाप्त. थिएटरात दिवे लागतात, लोक उठतात, आणि दिवे पुन्हा जाऊन सिनेमा सुरू होतो. खिडकी उघडते, ती धावत जाते, दोघं पायरीवर बसून हसतात. अकरा मिनिटं. जगात कुठल्या दिग्दर्शकानं असं धाडस केलंय?

आता काम. आम्ही दिग्दर्शकांना पत्र पाठवतोय. "सातव्या भागाचं आम्हाला कळलंय, पण आमची अळीमिळी गुपचिळी," असं. त्याला जोडायला तुझं एक पानाचं पत्र हवं. ज्यानं हा सिनेमा पंचवीस आठवडे दाखवला त्या ऑपरेटरचं. लवकर धाड.

तुझी
बारकी


१७ जानेवारी

प्रिय बारकीस, अनेक आशीर्वाद.

कात्रण वाचलं. दिग्दर्शक अजून काम करतात हे वाचून बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. सूनबाईंनी स्वयंपाकघराचं रंगकाम काढलंय, त्यामुळे फ्रीज सध्या माझ्या खोलीत असतो आणि मला रात्रंदिवस सोबत करतो. इमारतीतले चार पंखे आणि एक इस्त्री दुरुस्त करून दिली. लोक आता मला नावानं न ओळखता पंखेवाले काका म्हणतात. मुलाला ते आवडत नाही, मला चालतं.

तुझ्या पत्राचं म्हणशील तर ते माझ्याकडून होणार नाही. एक तर हात दुखतो. दुसरं, ऑपरेटर सिनेमा बघत नसतो. एक रीळ संपायला आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो बघून दुसरं मशीन सुरू करायचं. एवढ्या ठिपक्यासाठी पगार मिळतो. पायरी, खिडकी, हसणं, हे खाली बसणाऱ्यांचं.

आणि एक सांगतो, ऐक. ते सातव्या भागाचं पत्र पाठवू नका. मालिका यायची तेव्हा येईल, तेव्हा बघा. अंदाजावर एवढे इमले बांधू नयेत. उगीच तोंडघशी पडशील.

मेव्हणेबुवांना नमस्कार. नवा चष्मा छान बसलाय, डावी काडी तेवढी कानामागं टोचते.

तुझा
दादा


२८ जानेवारी

प्रिय दादा,

हात दुखतो हे कळवायला तू दीड पान लिहिलंस. हे म्हणाले, "काडी जरा गरम पाण्यात धरून वाकवायला सांग." मी म्हटलं, काडी राहू दे, माणूसच वाकत नाहीये.

तुझं काय बिनसलंय या सिनेमाशी? गावात लहानथोर सगळे या सिनेमावर जीव टाकतात. अजूनही इथं कुणी लवकर निराश झालं तर लोक म्हणतात, "अरे, समाप्तनंतर थांब जरा." आणि तुझ्यासमोर विषय काढला की तू पंख्यावर येतोस.

आता ताजी बातमी. मी इंटरनेटवर या सिनेमाच्या चाहत्यांचं एक पान शोधून काढलं. बाहेरगावची मंडळी, पाच-सहाशे असतील. तिथं एकानं लिहिलेलं, "मालिकेतही तोच काळीज पिळवटणारा शेवट ठेवतील का?" मी लिहिलं, पिळवटणारा कसला, शेवटी दोघं हसतात. तर तो म्हणाला, "हसतात ते आदल्या दिवशी. शेवटी बोट जाते." मी म्हटलं, तुम्ही समाप्त बघून उठून गेलात, म्हणून तुम्हाला माहीत नाही. त्यावर सतरा जण धावून आले. समाप्तनंतर काही नाही म्हणे. मी बेकरीवाल्या बाईंचा बटणाचा पुरावा दिला. बोट सुटते तेव्हा त्याच्या शर्टाचं वरचं बटण नसतं, आणि पायरीवर बसतो तेव्हा असतं, म्हणजे मधल्या काळात तिनं ते शिवलं, म्हणजे लग्न झालं. तर एक शहाणी म्हणते, "काकू, ते बटण पायरीवरच हसताना तुटून पाण्यात पडतं, म्हणून नंतर नसतं." मी तिला सांगितलं की हो, दुसऱ्यांदा तुटतं, संसारात तुटतातच. सहाशे माणसांनी सिनेमा बघितला आणि एकानंही नीट बघितला नाही. मला त्यांची कीव आली.

तर आता पत्र नाही, त्याहून मोठं आहे. एक मार्चला मालिकेच्या निमित्तानं मोठा कार्यक्रम आहे, दिग्दर्शक स्वतः येणार. प्रत्येक गावच्या चाहत्यांतून एकानं पाच मिनिटं बोलायचं. आमच्याकडून मी. भाषण टाइप करून झालंय. त्यात सातवा भाग आहे, बटण आहे, आणि सगळ्यांत शेवटी माझं स्वतःचं आहे. ते तुला अजून कधी नीट सांगितलं नाही, तू मोठा भाऊ, लाज वाटायची. आता पंचावन्नाव्या वर्षी कसली लाज.

यांचं आणि माझं तेव्हा मोडलं होतं. यांना दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि हे मला न सांगता हो म्हणून आले. मी म्हटलं, जा मग. पहिल्या दिवशीच्या तीनच्या खेळाची दोन तिकिटं आधीच काढलेली. मी हट्टानं गेले, हेही गेले, आणि माझ्या शेजारची खुर्ची सोडून तीन रांगा पुढं जाऊन बसले. दोन तास मी यांची मान बघत होते. बोट गेली, समाप्त आलं, दिवे लागले. हे उठले आणि दरवाजाकडे चालायला लागले. मी उठले नाही, कारण डोळे लाल झाले होते आणि गावातले निम्मे लोक ओळखीचे. वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात अंधार झाला आणि खिडकी उघडली. लोक हसत, धडपडत, मिळेल त्या खुर्चीवर बसले. मी बाजूला बघितलं तर हे.

त्या माणसानं समाप्तनंतर ती अकरा मिनिटं ठेवली नसती, तर हे त्या दारातून बाहेर पडले असते. माझं लग्न त्यानं लावलं, दादा. तेव्हा मी त्याला एवढंच लिहिलं होतं की तुमच्या सिनेमाच्या शेवटानं माझं लग्न लावलं, आणि त्याचं उत्तर आलं होतं, "तुमच्या गावाला माझा सिनेमा माझ्यापेक्षा जास्त कळलेला दिसतो." ते अजून हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय. आता समोर उभं राहून आभार मानायचेत. सहाशे लोकांसमोर. मला हे आयुष्यात एकदा करायचंय.

तुझं पत्र नको. फक्त भाषण चांगलं व्हावं म्हणून आशीर्वाद दे.

तुझी
बारकी


५ फेब्रुवारी

प्रिय बारके,

हे पत्र एकटी असताना वाच.

तीन दिवस कागद पुढं घेऊन बसलो होतो. इंटरनेटवरची ती माणसं खरं बोलतायत. समाप्तनंतर काही नाही. कधीच नव्हतं.

सिनेमा चौदा रिळांचा होता. तेराव्यात ते पायरीवर हसतात, ते शुक्रवारचं. चौदाव्यात बोट जाते आणि समाप्त येतं. पहिल्या दिवशी तीनच्या खेळाला, बाराव्यानंतर मी तेराव्याऐवजी चौदावं लावलं. समाप्त आलं, खाली दिवे लागले, मी हात पुसत वळलो तर बाकावर तेराव्याचा डबा, भरलेला. दोनच मार्ग होते. गप्प बसायचं, किंवा लावायचं. नोकरीच्या बारा वर्षांत मी एक रीळ सोडलं नव्हतं, लोकांनी पैसे पूर्ण सिनेमाचे दिले होते. मी लावलं.

मला वाटलं आता खुर्च्या मोडतील. तर टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. मॅनेजर धापा टाकत केबिनमध्ये आला, मी राजीनामा तोंडातच ठेवला होता, तर तो म्हणाला, "काय सिनेमा आहे हो, ऑपरेटर. उद्यापासून समाप्तला दरवाजे उघडायचे नाहीत असं सांगून ठेवतो." सहाच्या खेळाला रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ते सगळे समाप्तनंतरचं बघायला आलेले. त्यांना मी काय दाखवायचं होतं? पुन्हा तेच दाखवलं. पंचवीस आठवडे. बाकीच्या गावांत सिनेमा दोन आठवड्यांत उतरला, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. परत पाठवताना डबे नंबराप्रमाणे लावून दिले, झालं.

तुला लगेच सांगायला हवं होतं. तेव्हा नोकरीची भीती वाटली. मग तू आणि मेव्हणेबुवा घरी आलात, एकमेकांकडे बघत, आणि तू म्हणालीस, दादा, काय माणूस आहे तो दिग्दर्शक. मग त्यांचं पत्र आलं, तू फ्रेम केलंस. मग मंडळ निघालं. दरवर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. तू सिनेमाचा विषय काढलास की मी पंख्यावर यायचो, त्याचं कारण हे.

तू त्या माणसासमोर उभी राहून सातव्या भागाबद्दल बोलशील आणि सभागृह हसेल, हे मला सहन होणार नाही. म्हणून आता सांगतोय. माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं रागव. तुझं लग्न कुणा कलावंतानं लावलं नाही, तुझ्या भावाच्या हलगर्जीपणामुळं झालं.

दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सादर नमस्कार. मी पत्र लिहिणाऱ्यातला नाही हे तुम्ही जाणता, पण घरातली परिस्थिती कळवणं भाग आहे.

तुमचं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. तिनं ते मला वाचायला दिलं आणि क्लासला निघून गेली. भिंतीवरची फ्रेम खाली उतरवून कपाटात ठेवलीय, तिथं आता भिंतीचा नवा कोरा चौकोन दिसतो. जेवायला वाढते, पण बोलत नाही. काल फक्त म्हणाली, "म्हणजे आपलं सगळं एका डब्याच्या घोटाळ्यावर उभं आहे." मी दुकानात गेलो आणि एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजव्याला बसवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग दुकान बंद केलं आणि घरी येऊन तिला एक गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो. समाप्त झालं तेव्हा मी दरवाज्यापाशी पोचलो होतो. अंधार झाला, पडदा उजळला. दरवाज्याजवळ दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, हाताच्या अंतरावर. मी तिथं बसलो नाही. मी अकरा रांगा मागं चालत गेलो, चार जणांच्या पायांवर पाय दिले, एका बाईंची छत्री पाडली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिची एकतीस वर्षं समजूत होती की मिळेल त्या खुर्चीवर बसलो. मी दुरुस्त केली नाही, कारण तिला ती तशी आवडत होती.

रीळ चुकून लागलं असेल. मी चुकून बसलो नव्हतो.

हे ऐकून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अकरा रांगा?" मी म्हटलं, हो, मोजल्या होत्या. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरजोरात आपटायला लागली, म्हणजे गाडी रुळावर येतेय असं मी समजतो. तुम्ही काळजी करू नये.

चष्म्याची काडी अजून टोचत असेल तर पाठवून द्या.

आपला
मेव्हणा


९ मार्च

प्रिय दादा,

आधी भांडण उरकून घेते. मी तुझ्यावर एकवीस दिवस रागावले होते. त्यातले पहिले दहा खरे, नंतरचे मानासाठी. रीळ चुकल्याचा राग नव्हता. तू एकतीस वर्षं ते एकट्यानं पोटात ठेवलंस आणि मी तुला दरवेळी विचारत राहिले, "तुला या सिनेमाचं काहीच कसं वाटत नाही?" त्याचा राग. माझा माझ्यावरच. आता संपला.

मंडळाला सांगायचं म्हणजे दिव्य होतं. मी तुझं पत्र उभी राहून वाचलं. वाचून झाल्यावर दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी समाप्त या शब्दावर जे बावीस पानांचं विवेचन लिहिलंय, ते..." आणि तिथंच थांबले. टाइमकीपर मान खाली घालून बसला. मग बेकरीवाल्या बाई हसायला लागल्या. "बटण," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, आणि मग एकेक करत सगळे. डॉक्टरांचेसुद्धा सगळे दात दिसले. शेवटी ठराव झाला की मंडळाला दिग्दर्शक चुकीचा सापडला होता, तेवढी दुरुस्ती करावी. एकमतानं मंजूर. तू आता आमचा सन्माननीय सभासद आहेस, वर्गणी माफ.

आणि एक मार्चला मी गेले. भाषण घरी ठेवलं, तुझं पत्र पर्समध्ये घेतलं. माझा नंबर आला तेव्हा माईकपाशी जाऊन उभी राहिले. समोर पहिल्याच रांगेत दिग्दर्शक, काठी दोन्ही हातांत धरून. मी म्हटलं, मी ज्या गावाहून आलेय तिथं तुमचा सिनेमा पंचवीस आठवडे चालला, आणि का चालला ते सांगायला आलेय. आणि तुझं पत्र वाचलं. "तुझ्या भावाच्या हलगर्जीपणामुळं" पर्यंत. दादा, तुला भीती होती की सभागृह हसेल. हसलं. छपरापर्यंत हसलं. पण माझ्यावर नाही. माझ्याशी इंटरनेटवर भांडलेली ती शहाणी मागून उठून आली आणि तिनं मला मिठी मारली, "काकू, माफ करा, तुमच्याकडं खरंच वेगळा सिनेमा होता."

दिग्दर्शक मात्र हसले नाहीत. मग ते उठले, काठी टेकत माईकपाशी आले आणि म्हणाले, "तो माझा पडलेला सिनेमा. सगळीकडून डबे परत येत होते, आणि एका गावातून मात्र पत्रं येत होती. मला वाटायचं, तिथल्या लोकांना दुःखाची आवड असेल. मी आणखी दोन रडके सिनेमे काढले, खास तुमच्या गावासाठी. तिथंसुद्धा चालले नाहीत." आता लोकांचं हसणं थांबेना, आणि तेही हसायला लागले ते खोकला येईपर्यंत.

सगळं झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, मालिकेचा शेवट मी बदलणार नाही, बोट जाते, तो माझा शेवट आहे. आणि सातवा भाग वगैरे काही नव्हता. मी म्हटलं, हो, कळलं ते. ते म्हणाले, "नव्हता. पण परवापासून आहे असं समजा." काल पार्सल आलं. सहा भाग, आणि वेगळ्या पाकिटात सातवा. अकरा मिनिटं. तेरावं रीळ, जसंच्या तसं, त्यावर एक चिठ्ठी, "फक्त तुमच्या गावात, फक्त समाप्तनंतर." टाइमकीपर आता हवेत चालतो. तो सगळ्यांना सांगतो, मी म्हटलं होतंच.

आता नीट ऐक. एप्रिलच्या पहिल्या रविवारी, टीव्हीवर यायच्या आधी, सगळे भाग सलग दाखवायचेत. आपल्या जुन्या थिएटरात आता फर्निचरचं दुकान आहे. मालक म्हणाला, रविवारी दुकान बंदच असतं, आणि बसायला सोफे आहेत. यंत्रावर तू हवास. आता रीळबीळ नाही, एक कळ दाबायची असते, पण ती तूच दाबायचीस. समाप्त, दिवे, आणि मग तू.

एकच गोष्ट विचारायची राहिलीय. डब्यावर हातभर आकडे रंगवलेले असायचे, मी केबिनमध्ये तुझा जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा बघितलेत. तू कधी मिठाचा डबा जागच्या जागी नसला तर घर डोक्यावर घेणारा माणूस. तुझ्या हातून तेरा आणि चौदात चूक झालीच कशी?

तुझी
बारकी


१५ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. सूनबाईंनी विचारलं काय झालं, तर तिला सगळं सांगितलं. तिनं ते मुलाला सांगितलं, आणि आता इमारतीत कुणी पंखा घेऊन येत नाही, गोष्ट ऐकायला येतात.

रविवारी नक्की असेन. तिकीट काढलंय, शनिवारी दुपारी पोचेन.

तू विचारलंस ते. केबिनला दोन झरोके असतात. एकातून मशीनचा प्रकाश जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर पडद्यावरचा ठिपका बघतो. मी तुला लिहिलं की ऑपरेटर सिनेमा बघत नसतो, ते खरं आहे. पण त्या दिवशी मी ठिपकाही बघत नव्हतो. तू एकटी आत आलीस ते मला वरून दिसलं. मग मेव्हणेबुवा आले, तुझ्याशेजारी न बसता पुढं गेले. घरी तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. मला तिथं वरून कळलं की मोडलंय. सगळा वेळ मी तुझ्याकडे बघत होतो. तू दोन्ही हातांनी तोंड झाकलंस, आणि मला खाली येता येईना, कारण मशीन सोडता येत नाही. बारावं रीळ संपायला आलं तेव्हा मी मागं न बघता हात लांब केला आणि हाताला लागला तो डबा उचलला. आकडा बघितलाच नाही.

यंत्रावर मला बसवू नकोस. कळ दातांच्या डॉक्टरांना दाबू दे, त्यांची बावीस पानं वाया गेलीत. ती अकरा मिनिटं मी पाचशेच्या वर वेळा दाखवली आणि दरवेळी खालून टाळ्या ऐकल्या, पण एकदाही खाली बसून बघितली नाहीत. तुम्हा दोघांच्या सोफ्यावर थोडी जागा ठेव, मी तिथं बसेन.

तुझा
दादा